सायकल बरोबर होती

निमाईदांच्या शोकसभेत सर, म्हणजे आमच्या प्रयोगशाळेचे प्रमुख, म्हणाले, "निमाई म्हणजे आमच्या प्रयोगशाळेतलं सगळ्यात विश्वासू यंत्र." लोकांनी माना हलवल्या. एकदोघांनी डोळे पुसले. फोटोला रजनीगंधाचा हार होता आणि दाराशी पुठ्ठ्याच्या खोक्यांची चळत होती. प्रत्येक खोक्यात एक समोसा आणि एक संदेश, इथली छेन्याची मिठाई. दोन मिनिटं शांतता पाळून झाल्यावर ती खोकी इतक्या झटपट वाटली गेली की शांतता मघाशीच संपली होती की काय, असं वाटावं.

मला उठून ओरडायचं होतं. मी आजवर कुठल्याच सभेत उठून बोललेली नाही. त्या दिवशीही बोलले नाही. घरी येऊन लिहायला बसले, ते अजून लिहितेच आहे. संस्थेचं सगळं लिखाण मी इंग्रजीत करते, पण राग आला की मला मराठीच लागते. कोलकात्यात ती मी घरात नवऱ्याशी बोलते. मुलगी ऐकते आणि बंगालीत उत्तर देते. तिला हे वाचायला वेळ लागेल. लागू दे.

सॉल्ट लेकमधल्या आमच्या संस्थेत व्यायामाचा शरीरावर काय परिणाम होतो याचा अभ्यास चालतो. माणसं येतात, जागेवरच्या सायकलवर बसतात. तोंडावर मास्क चढतो, छातीला तारा लागतात. यंत्र सांगतं की एवढा जोर लावताना या माणसाने किती हवा घेतली, त्यातला किती प्राणवायू वापरला, नाडी किती पळाली. मी ते आकडे मांडते आणि त्यावरचे निबंध लिहून देते. नवऱ्याची बँकेत बदली झाली म्हणून तीन वर्षांसाठी आलो होतो, ते इथेच राहिलो.

आता, यंत्र खरं बोलतंय हे कसं ओळखायचं? त्याची एक पद्धत आहे. एक निरोगी माणूस ठरवायचा. त्याने ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जोरावर तीच सायकल चालवायची. माणूस तोच आणि जोर तोच, तेव्हा आकडेही तेच यायला हवेत. नाही आले, तर यंत्रात बिघाड. आमच्याकडे तो माणूस म्हणजे निमाईदा. पदाने तंत्रज्ञ. मास्क धुणं, तारा लावणं, घाबरलेल्यांना धीर देणं ही त्यांची नोकरी. आणि पंधरा वर्षं, दर सोमवारी आणि गुरुवारी सकाळी, पहिला माणूस यायच्या आत स्वतः सायकलवर बसणं, हीसुद्धा. सर त्यांना 'स्टँडर्ड' म्हणत. "स्टँडर्ड आला का?" असं विचारत. ते कौतुकाने म्हणत, असं मला तेव्हा वाटायचं.

या पद्धतीत एकच अट असते. त्या माणसाने बदलायचं नाही.

निमाईदांनी ही अट एखाद्या व्रतासारखी पाळली. बेहालाहून दोन बस बदलून ते यायचे. सोमवारी आणि गुरुवारी अर्धा तास आधी निघायचे, कारण बससाठी पळावं लागलं तर नाडी बिघडेल. कंडक्टर दाराला लोंबकळत ओरडायचा, "दादा, पळा, पळा!" आणि हे रमतगमत येत म्हणायचे, "जाऊ दे तुझी बस, आज माझा गुरुवार आहे." पुढे त्या मार्गावरच्या कंडक्टरांना हे पाठ झालं. ते बस हळू करायचे आणि आतल्यांना सांगायचे, "थांबा जरा, दादांचा उपास आहे."

सकाळी मूठभर चुरमुरे आणि एक केळं. चाचणी होईपर्यंत चहा नाही. त्यामुळे नऊ वाजेपर्यंत त्यांच्याशी कुणी बोलायला जायचं नाही. नऊनंतर मातीच्या भांड्यातले दोन चहा लागोपाठ पोटात गेले की माणूस पुन्हा हसायला लागायचा. दुर्गापूजेत सगळं शहर चार दिवस खात असायचं, तेव्हाही हे मोजून खायचे. वजन दोन किलोंनीही हलू दिलं नाही त्यांनी.

त्यांच्या गल्लीमागच्या तळ्यावर पोहण्याचा क्लब होता. चाळिशीत त्यांना वाटलं, आपणही सकाळी पोहावं. त्यांनी परवानगी विचारली. सर हसले. म्हणाले, "पोहायला लागलास की तुझं हृदय सुधारेल. मग माझ्या इतक्या वर्षांच्या आकड्यांचं काय करू?" तेही हसले आणि क्लबात गेले नाहीत. व्यायाम करा म्हणून लोकांच्या मागे लागणाऱ्या प्रयोगशाळेत एका माणसाला व्यायामाची बंदी होती, आणि ही गोष्ट आम्ही पाहुण्यांना गंमत म्हणून सांगत असू.

विजयेला, म्हणजे दुर्गाविसर्जनानंतर, मी त्यांच्या घरी नमस्काराला जायची. त्यांची बायको, शिखाबौदी, नारळाचे लाडू पुढे करत म्हणायची, "सगळ्या कोलकात्याला सांगतात चाला, आणि माझ्या नवऱ्याला पगार देऊन सांगतात, बस."

"बसून कुठे," निमाईदा म्हणायचे, "इतकी वर्षं सायकल चालवतोय."

"आणि पोचलात कुठे?"

मीही हसायची. पोटभर हसायची.

त्यांच्यावर आमचा विश्वास उगाच बसलेला नव्हता. मी नवीन असताना एकदा त्यांचे आकडे अचानक ढासळले. प्राणवायू कमी दिसत होता. सर म्हणाले, रात्री झोपला नसशील. मी म्हटलं, ताप असेल. निमाईदांनी मास्क काढला आणि म्हणाले, "मी जसा होतो तसाच आहे. तुमची नळी बघा." यंत्र भिंतीपासून ओढून काढलं, तर मागच्या बाजूला रबरी नळीला केसाएवढी चीर होती. तिथून हवा निसटत होती. त्या दिवसापासून ते म्हणतील ती पूर्व दिशा. आकडा चुकला की दोष यंत्राचा, ही आमच्या प्रयोगशाळेची रीत ठरली. यंत्र बिघडू शकतं. निमाईदा कसे बिघडतील?

मग मधुमेहाचा तो प्रकल्प आला. बारा आठवडे रोज चालल्याने मधुमेही माणसांच्या हृदयाला किती फायदा होतो, हे पाहायचं होतं. चालण्याआधी एक चाचणी आणि नंतर एक. माणसं मिळेनात. बेहालाहून निमाईदांनी आपली गल्लीच उठवून आणली, चाळीसेक लोक. ते आले ते संस्थेच्या नावाकडे बघून नव्हे, निमाई सांगतोय म्हणून. त्यात उषाकाकिमा होत्या. त्या त्यांच्या प्राथमिक शाळेतल्या बाई.

"निमाई, हे तोंडावर बांधून मला मारणार आहेस का?"

"काकिमा, शाळेत तुम्ही माझं तोंड बंद ठेवायचात. आता माझी पाळी."

त्या मास्कच्या आतून हसायला लागल्या. हे गंभीर चेहऱ्याने म्हणाले, "हसू नका. हसायला लागतो तो प्राणवायूही मोजला जातो."

गल्लीच्या तोंडाशी शिवणकामाचं दुकान असलेले सुबलबाबू होते. ते बसण्याआधी चप्पल काढून सायकलला नमस्कार करायचे. असे सगळे लोक पहिली चाचणी देऊन गेले आणि रोज चालायला लागले. पहाटे निमाईदा दारात उभे राहून त्यांची हजेरी घ्यायचे. स्वतः चालायचे नाहीत. चालायची बंदी होती.

चौथ्या-पाचव्या आठवड्यात निमाईदांचे आकडे चढू लागले. जोर तोच, पण नाडी जास्त, श्वास जास्त. पुढच्या सोमवारी आणखी थोडं. मी त्याचा आलेख काढला. रेघ वर जात होती. मी तो कागद सरांच्या टेबलावर ठेवला आणि म्हटलं, "सायकल जड झालीय. दाखवते त्यापेक्षा जास्त जोर घेतेय." हे वाक्य माझं आहे. ते मी कुणाच्याही माथी मारू शकत नाही.

सेक्टर फाइव्हमधून कंपनीचा इंजिनिअर आला. त्याने वजनं लावली, ब्रेक तपासला आणि म्हणाला, "सर, मशीन ठीक आहे."

"पुन्हा बघा."

त्याने पुन्हा पाहिलं. "ठीकच आहे, सर."

सर चिडले. "तुमची वजनंच आधी तपासून आणा. हा माणूस पंधरा वर्षं बदललेला नाही. तुमचं मशीन तीन वर्षांचं आहे."

निमाईदा शेजारी उभे होते. त्यांची छाती अभिमानाने भरून आली होती. ती भरून आली होती की धपापत होती, हे तेव्हा कुणी पाहिलं नाही. इंजिनिअरने खांदे उडवले आणि सांगितल्याप्रमाणे ब्रेक सैल केला. निमाईदांचे आकडे जागेवर आले. तीन आठवड्यांनी पुन्हा चढले. पुन्हा इंजिनिअर, पुन्हा "मशीन ठीक आहे," पुन्हा ब्रेक सैल.

त्या दिवसांत ते जिने सोडून लिफ्टने येऊ लागले होते. चेहरा पिवळट दिसत होता. मी एकदा विचारलं, "निमाईदा, बरं नाही का?" ते म्हणाले, "उकाडा आहे हो, दिदी." मी म्हटलं, हो ना, फारच. आणि माझ्या टेबलाकडे गेले.

राग मला त्यांचाही आहे. त्यांना कळत होतं. शौचाला काळं होत होतं, हे त्यांनी बौदीलाही सांगितलं नव्हतं. आजारी म्हटलं असतं तर सायकलवर दुसरा कुणी बसला असता, आणि मग निमाईदा कोण राहिले असते? मास्क धुणारा माणूस. आम्ही त्यांना दुसरं काही होऊच दिलं नव्हतं.

बारा आठवडे झाले. गल्लीतले लोक दुसऱ्या चाचणीला आले, त्या सैल केलेल्या सायकलवर. सगळ्यांची नाडी आधीपेक्षा कमी, श्वास संथ. आलेख असे सुंदर आले की सरांनी संदेश मागवले. मी निबंध लिहिला. 'लक्षणीय सुधारणा' असं लिहिलं. प्रत्येकाला आधीच्या आणि नंतरच्या रेघा दाखवणारा एकेक कागद दिला. सुबलबाबूंनी तो चौकट करून दुकानात लावला. एवढंच करून थांबले असते तर बरं होतं. इतकं सुधारलंय तर आता कशाला, म्हणून त्यांनी रक्तदाबाची गोळी सोडून दिली.

पुढच्या महिन्यात रक्त तपासायचं एक छोटं यंत्र नवीन आलं. ते चालतं का बघायला कुणाच्या तरी बोटाचा थेंब हवा होता. अर्थातच निमाईदांचं बोट. हिमोग्लोबिनचा आकडा निम्म्याच्याही खाली आला. तिथे उभी असलेली आमची नर्स म्हणाली, "अगबाई, हेही मशीन बिघडलेलंच पाठवलं वाटतं." दुसरा थेंब घेतला. तिसरा घेतला. मग तिने स्वतःचं बोट टोचून पाहिलं. तिचा आकडा व्यवस्थित आला. निमाईदा आपल्या बोटाकडे बघत राहिले.

मोठ्या आतड्यात गाठ होती. कितीतरी महिने आतल्या आत रक्त झिरपत होतं. गाठ यकृतापर्यंत गेली होती. डॉक्टरांनी विचारलं, "दम लागत नव्हता का?" बौदी माझ्याकडे बघत होती. दम लागत होता, आठवड्यातून दोनदा आम्ही तो मोजत होतो, आणि त्याची वही माझ्या कपाटात होती. एवढा तपासला गेलेला दुसरा माणूस या शहरात नसेल.

शस्त्रक्रियेनंतर तिसऱ्या दिवशी मी भेटायला गेले. हाताला सुई, ओठ कोरडे. मला वाटलं होतं ते रडतील, किंवा मी रडेन. ते हिशेब लावत बसले होते.

"दिदी, सायकल बरोबर होती."

मी मान हलवली.

"म्हणजे आपण ती बिघडवली."

"हो."

"मग गल्लीतले लोक दुसऱ्यांदा हलक्या सायकलवर बसले. ते सुधारले नाहीत. मी आजारी पडलो, म्हणून ते सुधारलेले दिसले."

इतक्या स्वच्छपणे हे मला स्वतःशीही म्हणता आलं नव्हतं. मग ते म्हणाले, "सुबलबाबूंनी गोळी सोडलीय. मीच त्यांना सांगितलं होतं, तुम्ही तरुण झालात म्हणून."

उभं राहता येऊ लागल्यावर पहिल्यांदा ते घराबाहेर पडले ते सरांकडे यायला. शर्ट अंगावर लोंबत होता. मी तिथेच बसले होते.

"सर, त्या लोकांची चाचणी पुन्हा घ्यायला हवी."

"निमाई, आधी तू बरा हो."

"मी नाही बरा होणार, सर. चाचणी तरी बरी होऊ दे."

सर खुर्चीत मागे रेलले. समजूतदार आवाजात म्हणाले, "हे बघ, चालण्याने फायदा होतो हे साऱ्या जगाला माहीत आहे. आपला निष्कर्ष खोटा आहे का? नाही. मग आकड्यांवरून गोंधळ कशाला?"

"निष्कर्ष खरा असेल, सर. आपल्याला तो सापडलेला नाही."

"निबंध छापून आलाय आता."

"तो लांबच्या लोकांसाठी. ही माझ्या गल्लीतली माणसं आहेत."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. निबंधावर माझंही नाव आहे. मी टेबलावरचे कागद सारखे करत होते. सर म्हणाले, "बघू." निमाईदा उभे राहिले आणि त्यांनी मला विचारलं, "दिदी, त्या लोकांची यादी देता?" तेवढी मी दिली. तेवढीच दिली.

त्यांचं नाव त्या निबंधात शेवटच्या ओळीत आहे, तांत्रिक साहाय्याबद्दल आभार म्हणून. त्यांच्या शरीराने आमचे सगळे निष्कर्ष उचलून धरले होते आणि शेवटचा पाडलाही होता, त्याबद्दल कुठेच काही नाही. 'सायकल दोनदा दुरुस्त करण्यात आली,' एवढं मीच लिहिलं आहे. कुणी केली, कशावरून केली, हे लिहिलं नाही.

शोकसभेच्या दुसऱ्या दिवशी मी नियतकालिकाच्या संपादकांना पत्र पाठवलं. सोबत निमाईदांची वही आणि इंजिनिअरचे दोन्ही अहवाल. सरांना विचारलं नाही, पाठवल्यावर सांगितलं. ते म्हणाले, "तुम्हाला काय मिळणार यातून?" त्यानंतर ते माझ्याशी बोललेले नाहीत. संपादकांचं उत्तर यायचं आहे. हे पत्र मी निमाईदा जिवंत असताना लिहू शकत होते. तेव्हा माझ्यापाशी वेळही होता आणि कागदही.

त्यांना मी शेवटचं पाहिलं ते त्यांच्या गल्लीत. बौदीचा फोन आला होता, "ऐकत नाहीत, तुम्ही तरी सांगा." मी पोचले तेव्हा ते माझी यादी हातात घेऊन दारोदार फिरत होते. निम्मी गल्ली झाली होती. भिंतीला एक हात लावून चालायचे, दोन घरं झाली की ओट्यावर टेकायचे. मी छत्री धरायला गेले तर म्हणाले, "धरा. पण थांबवू नका."

उषाकाकिमांच्या दारात मी ऐकलं ते असं.

"काकिमा, तुमचा दुसरा कागद चुकीचा आहे. सायकल हलकी होती. चूक आमची."

"म्हणजे मला फायदा झालाच नाही?"

"झाला असेल. आम्हाला माहीत नाही."

"मग मी चालणं बंद करू का?"

"अजिबात नाही!" एवढ्या जोरात बोलल्यावर ते खोकायला लागले. दम परत आल्यावर म्हणाले, "चाला. पण कागद बघून नको, तुमचं तुम्हाला बरं वाटतं म्हणून चाला. आणि गोळी सोडू नका."

काकिमांनी त्यांच्या गालावरून हात फिरवला. "तू शाळेत कधी चूक कबूल केली नाहीस रे," त्या म्हणाल्या. मग आत गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत.

शेवटचं राहिलं सुबलबाबूंचं दुकान. शटर अर्धं खाली होतं. शेजारचा म्हणाला, बाजारात गेलेत, येतील. निमाईदा दुकानाच्या पायरीवर बसले. मी म्हटलं, मी सांगते त्यांना, तुम्ही घरी चला. ते माझ्याकडे नुसते बघत राहिले. रागाने नव्हे, आणि तेच मला सहन झालं नाही.

"तुम्ही निघा, दिदी," ते म्हणाले. "बस भरायच्या आत निघा."

आणि मी निघाले. कोपऱ्यावर पोचून वळून पाहिलं. पलीकडून सुबलबाबू पिशवी घेऊन येत होते. लांबूनच त्यांनी हात वर केला आणि हसून काहीतरी म्हणाले. निमाईदांनी शटरची कडी धरली आणि उठायला लागले. उठता उठता खाली बसले. पुन्हा उठले, पुन्हा बसले. सुबलबाबू हातानेच, बसा बसा, म्हणत होते. तिसऱ्या खेपेला ते उभे राहिले आणि कडी सोडून दिली.